नऊ नंबरचा फोन

मंगळवार पेठेत लाईट गेली, तसे अण्णासो जिन्यात येऊन बसले. प्रीती आणि ऋतुराज, दोघं नातवंडं, मोबाईलची बॅटरी लावून खालच्या पायरीवर टेकली.

"ती बंद करा आधी," अण्णासो म्हणाले. "आपल्या वरच्या खोलीत भाड्यानं ऱ्हायचा तो संग्राम आठवतोय न्हवं? त्याच्या डोळ्यादेखत घडलंय हे. खोटं वाटलं तर लावा त्याला फोन. लागायचा न्हाय. तो आता फोनच ठेवत न्हाय."

आणि त्यांनी सांगितलं ते असं.

संग्राम शहराबाहेरच्या एका लॅबमध्ये कामाला होता. नवे मोबाईल तिथे तपासले जात. त्यासाठी कपाटाएवढी एक लोखंडी पेटी होती, आतून काळ्या स्पंजाने मढवलेली. दार लावलं की बाहेरची रेंज आत येत नसे, आतली बाहेर जात नसे. आत कॉम्प्युटर स्वतःचंच खोटं नेटवर्क तयार करी आणि रात्रभर, माणसाविना, फोनांची परीक्षा घेई. रेंज घालवायची, परत आणायची, एकमेकांना फोन लावायचे. ११२ सुद्धा लावायचा. पेटीत पोलीस थोडेच असतात! पलीकडून कॉम्प्युटर नुसती शिट्टी वाजवी.

शनिवार, सोळा नोव्हेंबर २०२४. संग्राम रात्रपाळीला आला तेव्हा फाटकापाशी विठाबाई उभी होती. तिचा नवरा केरबा लॅबचा वॉचमन. गुऱ्हाळाच्या चरकात उजव्या हाताची दोन बोटं गमावलेला. दोन महिन्यांपासून तो बेपत्ता होता.

"काय कळलं का रं बाबा?"

"न्हाय, मावशी."

"मेला असंल तर तेवढं तरी कळू दे. कुकू लावू का पुसू, एवढंच इचारत्ये मी."

संग्राम मान खाली घालून आत गेला. पेटीत बारा फोन लागायचे, एक कमी पडत होता. साहेब, उदयसिंह, घरी गेलेले. त्यांच्या खणात तळाशी एक जुना फोन सापडला, काच तडकलेला. संग्रामने त्यात लॅबचं सिम घातलं, नऊ नंबरच्या जागी ठेवला आणि दार लावलं. साहेबांना विचारलं नाही. तेवढंच चुकलं.

दोन वाजून चाळीस मिनिटं. ११२ ची पाळी आली. अकरा फोनांना शिट्टी मिळाली. नववा चालूच राहिला. एक मिनिट. चार मिनिटं.

संग्रामने स्पीकर लावला.

उसाच्या पाल्याची सळसळ. धाप. मग केरबाचा आवाज.

"सायेब... कोयता टाका... तुमी लॅबचे फोन चोरल्याचं म्या कुणाला सांगत न्हाय... लेकरं हायती, सायेब..."

खच्च.

त्यानंतरची किंकाळी ऐकून संग्रामने कान दाबले.

खच्च.

बाहेर गाडीचे ब्रेक करकचले. उदयसिंह आत घुसला. हातात पहार, डोळे तांबारलेले.

"माझ्या मोबाईलवर केरबाचा फोन येतोय! खणातनं कुणी काढलाय त्याचा मोबाईल? सरक!"

संग्राम आडवा आला. पहार खांद्यावर बसली. हाड मोडलं, तो खाली कोसळला. उदयसिंहाने पेटीचं दार उचकटलं, उजवा हात आत घातला.

हात परत येईना.

"सोड... कोण हाय... सोड की रं!"

स्पीकरमध्ये खच्च झालं. उदयसिंहाचं मनगट फाकलं.

पेटीत स्पंज होता. फोन होते. पातं नव्हतं.

खच्च. कोपर. रक्ताची चिळकांडी संग्रामच्या तोंडावर उडाली.

"सांगतो! गारगोटी रोडला... हिरीच्या कडंला... उसात पुरलाय त्याला..."

खच्च.

मग... शिट्टी. लांबलचक.

अण्णासो थांबले. प्रीतीने ऋतुराजचा दंड घट्ट धरला होता.

"मेला का साहेब?" तिने विचारलं.

"जगला. तुरुंगात हाय. उजवी बाही मोकळी."

विहिरीच्या कडेला हाडं सापडली. पोलिसांनी दाखवली, पण विठाबाई मानायला तयार होईना. "हाडं कुणाचीबी असत्यात," म्हणाली.

चौथ्या दिवशी पेटी धुतली. आतल्या स्पंजात एक पंजा उमटला होता. तो स्पंज दाबून सोडला की लगेच फुगतो. हा फुगत नव्हता. बोटं तीनच.

संग्राम गळ्यात हात बांधून स्वतः विठाबाईला घेऊन आला. तिने त्या खड्ड्यात आपला हात ठेवला. बोटं जुळवली. बराच वेळ... काढलाच नाही.

मग डाव्या हाताने तिने कपाळावरचं कुंकू पुसलं.

"त्यांचाच हाय," ती म्हणाली. "गरम हाय अजून."