गरम डबा

इस्पितळाचं इंटरनेट थोरली सांभाळायची; तळघरातला राउटर म्हणजे तिचं तिसरं मूल, असं घरी सगळे चिडवत. त्याला वीज पुरवणारे दोन डबे होते. त्यातला एक सकाळी गेला. नवा डबा घेऊन थोरली खाली उतरली, तोच दिराचा फोन.

"वहिनी, हिला ऑपरेशनला आत घेतलं. मोठे डॉक्टर परगावाहून पडद्यावर सांगतायत, इथले करतायत. लाइन जायला नको हं…"

"नाही जाणार. तुम्ही घोटभर पाणी प्या."

बोलली खरी, पण आत तिची धाकटी जाऊ होती, आणि उरलेला डबा म्हातारा. एकटा किती तग धरणार?

अंगातली वीज यंत्राला लागू नये म्हणून बांधतात तो वायरचा पट्टा तिनं उजव्या मनगटाला बांधला, दुसरं टोक लोखंडी चौकटीला अडकवलं. जुन्या डब्यांवरचे दिवे कधीच जळून गेले होते, चालू कुठला ते दिसत नव्हतं. पण सकाळच्या पाळीवाल्यानं एकावर 'खराब' अशी चिठ्ठी चिकटवली होती. तिनं त्याची वायर काढायला हात घातला.

हात मध्येच अडला. पट्टा कुठे गुंतला म्हणून पाहिलं, तर वायर सैल लोंबत होती. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मनगटात बोटं रुतली.

"कोण… कोण आहे?"

पंख्यांची घरघर. तापलेल्या धुळीत ओल्या केसांचा वास, अगदी कानाजवळ. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. ती झटकन मागे वळली, आणि तोल सावरताना डावा तळहात चिठ्ठीवाल्या डब्यावर टेकला.

डबा गरम होता. शेजारचा गार.

"अगं बाई…"

जिवंत तो गरम! चिठ्ठी भलत्याच डब्यावर होती. वायर ओढली असती तर वरचा पडदा काळा झाला असता, आणि धाकटी… पुढचं तिला मनातही आणवेना.

गार डब्याची वायर तिनं डाव्या हातानंच काढली, खटका दाबून तो अलगद ओढला, नवा सरकवला. वायर लावताच हिरवा दिवा लागला. पट्टा काढून ती स्टुलावर बसली आणि घळाघळा रडली. मग स्वतःलाच हसली.

तासाभरानं फोन वाजला. तिनं तो डाव्या हातानं उचलला.

"वहिनी, सुटलो! शुद्धीवर आली!"

"जीव भांड्यात पडला हो माझा!"

"पण आल्या आल्या विचारतेय, 'त्या बाईनं ताईंचा हात सोडला का?' कोण बाई हो?"

थोरलीनं उजव्या मनगटाकडे पाहिलं.

"सोडला म्हणून सांगा तिला," ती हळूच म्हणाली.

उजवा हात अजून उचलत नव्हता; मनगटात रुतलेली बोटं सुटली नव्हती.