बुजवलेला चर

हसलात तरी चालेल. मीही आधी हसलोच होतो. पण हे खरंच घडलंय... इंग्लंडात, लिंकनशायरमध्ये, आमच्या गावाबाहेरच्या बीटच्या शेतात, नोव्हेंबरातल्या एका दुपारी.

फिलिपा ही माझ्या बायकोची चुलत बहीण. आम्ही तिला पिप म्हणतो. ती पुरातत्त्वाचं काम करते. त्या शेतावर घरं होणार होती, म्हणून आधी लांब चर खणून खाली जुनं काही आहे का, ते बघायचं होतं. जेसीबीवर डेस. दोघांची कामातली जोडी जुनी.

आधी रोमन काळातली खापरं निघाली.

मग... एक सांगाडा.

पालथा. तोंड मातीत. दोन्ही मनगटं पाठीवर, एकावर एक.

"हा काही आपणहून झोपलेला नाही गं," डेस म्हणाला.

"गप्प बस आणि चहा आण."

डेस शेताच्या कडेला चहापाण्यासाठी ठेवलेल्या केबिनकडे गेला. धुकं उतरायला लागलं होतं. पिप चराच्या काठावर बसून सांगाड्याचं चित्र काढत होती.

कावळे ओरडत होते... ते थांबले.

रस्त्यावरच्या गाड्याही ऐकू येईनाशा झाल्या.

आणि चरातून आवाज आला. अगदी डेसचा.

"पिप, हात दे गं. पाय अडकलाय."

"तू कधी उतरलास खाली?" तिने वैतागून, न बघताच हात खाली केला.

कुणीतरी तो धरला. घट्ट. गार, ओला हात...

आणि तो खाली ओढायला लागला.

"दूध संपलंय हं!" डेस ओरडला.

तिच्या पाठीमागून.

हात सुटला. चरात सांगाड्याशिवाय कुणीच नव्हतं.

हाडं तिथेच ठेवून चर बुजवायचं आधीच ठरलं होतं, पण दुसऱ्या दिवशी. पिप म्हणाली, "आत्ता बुजव. आत्ताच्या आत्ता."

डेसने तिचा चेहरा बघितला आणि जेसीबी सुरू केला. पिप समोरच, दिव्यांच्या उजेडात उभी होती.

अर्धा चर भरला... आणि डेसने इंजिन बंद केलं.

तो चराकडे बघत होता. मग त्याने तिच्याकडे बघितलं. पुन्हा चराकडे.

"काय झालं?"

"तू... खालून ओरडतेयस. म्हणतेयस, थांब डेस, मी इथे आहे. वर उभी आहे ती मी नाही."

पिपला काहीच ऐकू येत नव्हतं.

"माझ्या कुत्रीचं नाव सांग," डेस म्हणाला.

"वेडा झालास का?"

"नाव सांग, पिप!"

"मार्गो! मार्गो आहे तिचं नाव! आता चालव ते!"

डेसने चालवलं. शेवटची माती पडेपर्यंत, इंजिनाच्या आवाजातही, त्याला ते ओरडणं ऐकू येत होतं.

आता तिथे घरं आहेत. लोक सुखात राहतात. डेसने ते काम सोडलं. पिप अजून तेच काम करते, हसते, बोलते. सगळं पूर्वीसारखं.

मागच्या महिन्यात डेसने मला पबबाहेर गाठलं.

"तिने नाव बरोबर सांगितलं," तो म्हणाला. "पण खालचीनेही सांगितलं होतं रे... तिच्या आधी."

बायकोला मी हे अजून सांगितलं नाही.

या रविवारी पिप आमच्याकडे जेवायला येतेय.