न तपासलेला खिसा

खिशात उघडं पेन ठेवून शर्ट धुवायला टाकणारा माणूस लग्नाच्या लायकीचा नसतो, असं माझं ठाम मत होतं. त्याच्या तोंडावर मी त्याला बेशिस्त म्हणाले, तेही पहिल्याच दिवशी. लग्नाचा विषय तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हता. निदान माझ्या तरी.

आमची लाँड्री तीस वर्षांची. कपडा आला की आधी खिसा तपासायचा, आत सापडेल ते न वाचता पाकिटात घालून गिऱ्हाइकाला परत करायचं, हा माझा नियम. त्या दिवशी माझ्या लेकीनं खिशात हात घातला आणि निळा तळवा बाहेर काढला. तेवढ्यात तो धापा टाकत दारात.

"माझं पेन... आत राहिलंय का?"

"पेन गेलं," तिनं तळवा पुढे धरला. "शाई इथे आहे. न्यायची तर न्या."

तो हसला. ती हसली नाही, पण हात पुसायला तिला फारच वेळ लागला. असल्या गोष्टी माझ्या नजरेतून सुटत नाहीत.

तो मागच्या गल्लीतल्या संध्याकाळच्या वर्गाचा मास्तर. अर्धवट शाळा सुटलेल्यांना पुन्हा दहावीला बसवायचं, नाहीतर कुठेतरी बऱ्या कामाला लावून द्यायचं, हा त्याचा उद्योग. 'शाळा सुटली' असं लोक आपले म्हणतात. शाळा आपोआप सुटत नाही, कुणीतरी सोडवतं. माझी लेक नववीत असताना तिचे वडील गेले. मी तिला वर्गातून उठवलं आणि इस्त्रीपाशी उभी केली. त्याला नऊ वर्षं झाली. मी मोजली नव्हती, तिनं मोजली होती.

"किती शिकलात?" त्यानं एकदा विचारलं.

"तुमच्या शर्टाची कॉलर जळणार नाही इतकं."

"आणि गणित?"

"येत होतं," ती म्हणाली, आणि शर्ट उलटा करून पाठीवर इस्त्री फिरवत राहिली.

पुढच्या आठवड्यात त्याच्या खिशातून चिठ्ठी निघाली. लेक ती वाचत उभी. नियम मोडला म्हणून नव्हे, तर गाल लाल झाले म्हणून मी ओरडले, "मोठ्यानं वाच. मलाही कळू दे चाळे."

"एका टाकीला दोन नळ आहेत," ती वाचू लागली, "पहिल्या नळानं टाकी सहा तासांत भरते..."

गणित होतं. मला प्रेमपत्रावर काय बोलायचं ते येत होतं. गणितावर काय बोलणार?

मग दर आठवड्याला एक शर्ट, एक गणित.

"तुमचं उत्तर चुकलंय," ती काउंटरवर कागद सरकवायची.

"मुद्दाम चुकवलं होतं. पकडता का ते बघत होतो."

"पकडलं. आता काय देणार?"

"पुढचं गणित."

"भारीच दिलदार हो तुम्ही..."

मी आतून भांडी आपटायची. मला दिसत होतं. हा माझी पोर नेणार, आणि मला शब्द बोलायला जागा न ठेवता नेणार. ती गेली की या दुकानात वाफ आणि मी, दोघीच.

शुक्रवारी लेक कपडे पोचवायला गेली होती. मास्तर शर्ट ठेवून गेला. मी उचलला तर खिशात जाड कागद करकरला. परीक्षेचा अर्ज असणार, हे मला माहीत होतं. शनिवारी शेवटची तारीख आहे, माझा फोटो लावून अर्ज खिशातून पाठवा, आईसमोर नको, असं लेक त्याला म्हणाली होती. हळू बोलली होती, पण माझे कान अजून शाबूत आहेत.

मी खिसा तपासला नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा. शर्ट तसाच मशीनमध्ये टाकला आणि झाकण लावलं.

संध्याकाळी लेकीनं मशीनमधून कागदाचा लगदा काढला. त्याला चिकटलेल्या तिच्या फोटोतला चेहरा पार पांढरा झाला होता.

"आई, खिसा बघितला नव्हतास?"

"राहिला."

"तुझा कधी राहत नाही," एवढंच म्हणाली आणि इस्त्री घेतली. तिनं भांडायला हवं होतं. भांडणाची उत्तरं माझ्याकडे तयार होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोटो घेऊन मी वर्गावर गेले. माझ्याच वयाची एक बाई बाकावर पट्टीनं रेघा मारत बसली होती. तिच्याकडे न बघता मी मास्तरला म्हटलं, "अर्ज मी धुतला. मुद्दाम धुतला. दुसरा द्या."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं कपाट उघडलं आणि कोरा अर्ज काढला. "पाचपर्यंत बोर्डाच्या कचेरीत द्यावा लागेल, काकू."

"देऊ. आता दुसरं. माझ्या पोरीबद्दल मनात काय आहे?"

त्यानं फळा पुसायचं फडकं उचललं, परत ठेवलं. "आहे. पण निकालापर्यंत बोलणार नाही. इथे परीक्षा माझ्या देखरेखीखाली होते. माझ्या नात्यातल्या कुणाला या केंद्रावर बसता येत नाही. नुसतं ठरलं तरी लोक म्हणतील, मास्तरानं पास केली. तिच्या कष्टांना तो डाग नको."

डाग म्हटल्यावर मी मान डोलावली. त्यातलं मला कळतं.

त्याला घेऊनच दुकानात आले. लेकीला सगळं सांगितलं, आधी माझा गुन्हा, मग त्याचं म्हणणं. ती इस्त्री फिरवत ऐकत राहिली.

"आणि मी नापास झाले तर?"

"तर... पुढच्या वर्षी परत."

"म्हणजे तुमचं बोलणंही पुढच्या वर्षी?"

तिनं इस्त्री उभी केली, अर्ज ओढून घेतला आणि केंद्राच्या रकान्यात नदीपलीकडच्या केंद्राचं नाव लिहिलं.

"तिकडे दोन बस बदलाव्या लागतात," तो हळूच म्हणाला. "तिकडचा वर्ग चारला सुरू होतो."

"तीनला निघेन. आई बघेल दुकानाचं."

मला कुणी विचारलं नाही. विचारावं असं मी काही केलंही नव्हतं.

"तिकडचा मास्तर मला ओळखत नाही," ती म्हणाली. "पास झाले तर माझी मी, नापास झाले तरी माझी मी. आता बोला."

"इथे? काकूंसमोर?"

"तिनं अर्ज धुतलाय. एवढं तरी तिला ऐकू दे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "तू दुकानात दिसली नाहीस की... मी कपडे न देताच परत जातो. कालचा दिवस सोडला तर."

"ठाऊक आहे," लेक मान खाली घालून म्हणाली. "मळक्या शर्टात शिकवता, अशी गल्लीभर चर्चा आहे."

"मग?"

"मग... हो," ती म्हणाली. "आता सही करू द्या."

तिनं सही केली. एकेक अक्षर दाबून, सावकाश. घड्याळात सव्वाचार वाजले होते.

"बघत काय बसलात," मी म्हटलं. "निघा. कचेरी काय तुमच्यासाठी उघडी राहणार आहे?"

दोघं निघाले. रस्ता ओलांडताना त्यानं तिचा हात धरला. तिनं एकदा मागे वळून दुकानाकडे पाहिलं, पण हात सोडवून घेतला नाही.

टेबलावर अठ्ठावीस कपडे राहिले होते. मी पदर खोचला आणि इस्त्री हातात घेतली. नऊ वर्षांत मी ती एकदाही उचलली नव्हती. इतकी जड असते, हे मी पार विसरून गेले होते.