जीवभिंत कुणाला ओळखते?

जळगावातल्या त्या घराला विटा नव्हत्या. बुरशीच्या धाग्यांपासून वाढवलेल्या जीवभिंतीचे ते घर. दार म्हणजे भिंतीचीच एक पाकळी. तिच्यापुढे आज जीवभिंतींच्या सरकारी तज्ज्ञ डॉ. सुनीती वैद्य, न्यायाधीश पिंजारी आणि एकमेकांकडे पाठ फिरवून उभे असलेले अत्तरदे पती-पत्नी, एवढीच माणसे होती. घटस्फोटाचा दावा चार वर्षे चालला होता. बाकी सगळे वाटून झाले होते, घर तेवढे उरले होते. कायदा सोपा होता. भिंत ज्याला ओळखेल, घर त्याचे.

"वास्तुशांतीला बीज मी रोवलं," प्रद्योत म्हणाला. "हिने नुसता माझ्या हाताला हात लावून 'मम' म्हटलं."

"आणि पुढे रोज भिंतीला गुळाचं पाणी कोणी पाजलं? तुझ्या मंत्रांनी?" शलाका फिरली. "साहेब, मला माहेर उरलेलं नाही. हेही गेलं तर मी जाऊ कुठे?"

पिंजारींनी थकलेले डोळे चोळले. "डॉक्टर, भिंत पहिला हात लक्षात ठेवते की रोजचा माणूस?"

"रोजचा. जो पोसतो त्याच्या श्वासाचा गंध तिच्या ओळखपेशी शिकतात. पण आपली कातडी झडते ना, तशा त्याही झडतात. तीन वर्षांत सगळ्या नव्या. नव्यांना जुनं काही ठाऊक नसतं."

शलाकाचा चेहरा उजळला. ती पुढे झाली, भिंतीजवळ तोंड नेऊन तिने श्वास सोडला. पाकळी हलली नाही.

प्रद्योत हसला. मग त्यानेही करून पाहिले. भिंत गप्पच.

"बिघडलीय!" तो ओरडला.

बिघाड नव्हता. सुनीतीबाईंच्या ते आत्ता ध्यानात येत होते. कुणाचेच पारडे जड होऊ नये म्हणून न्यायालयाने पहिल्याच तारखेला 'जैसे थे'चा हुकूम देऊन दोघांनाही बाहेर काढले होते. दावा सहा महिन्यांत निकालात निघेल, असे कायदा करणाऱ्यांनी धरले होते. मग तारखांवर तारखा पडत गेल्या. दरम्यान भिंत उपाशी मरू नये म्हणून गुळाचे पाणी घेऊन रोज सुनीतीबाईच येत होत्या. दाराकडे न फिरकता मागच्या बाजूने, बाहेरूनच पाजायच्या आणि परत जायच्या, अगदी नियमाप्रमाणे.

जिवंत वस्तूला कसले आले जैसे थे!

पाकळीसमोर येऊन सुनीतीबाईंनी सुस्कारा सोडला. पाकळी अलगद उघडली.

मग शलाका उंबऱ्याबाहेरच टेकली.

"बाई," ती म्हणाली, "फार तहान लागलीय. तुमच्या घरात पाणी मिळेल का?"