भिंतीकडची बाई

देवणीत दर सोमवारी भर दुपारी मठामागच्या पत्र्याच्या हॉलात ध्यानाची बैठक भरायची. मंजुश्री तिथं ध्यानासाठी कधी गेली नव्हती. त्या दिवशीही ती गेली ती सासूला आणायला. बसम्माच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, उदगीरच्या डॉक्टरनं दिवस मावळायच्या आत बोलावलं होतं, आणि म्हातारी बैठकीला जाऊन बसली ती उठायचं नाव घेत नव्हती. मोबाईलही घरातच विसरलेला.

स्कूटी सावलीला लावून मंजुश्रीनं शटर अर्धं वर ढकललं आणि वाकून आत शिरली. खिडक्यांना पोती टांगलेली. बाहेरच्या उन्हातून आल्यामुळं आधी काही दिसलंच नाही, नुसता विभूतीचा आणि घामाचा वास. मग हळूहळू माणसं दिसू लागली. सतरंजीवर गोलात बसलेली, डाव्या तळहातावर इष्टलिंग, डोळे मिटलेले.

"कोण हाय?" धोंडप्पानं डोळे न उघडताच विचारलं. किराणा दुकान मुलाच्या हवाली केल्यापासून बैठक तेच चालवत. घंटी त्यांच्या गुडघ्याजवळ असायची.

"मी मंजुश्री. आत्यांना न्यायला आले."

"आता अनुभव सांगणं चालू हाय, माय. समद्यांचं झाल्याबगर उठता येत न्हाई. शटर खाली घे आन् बस. डोळे मीट."

हा नियम त्यांनीच घालून दिला होता. थोरल्या माणसांदेखत बायका तोंड उघडायच्या नाहीत. डोळे मिटले की लाज कुणाची? तेव्हापासून बायकाही मोकळ्या बोलू लागल्या होत्या.

मंजुश्रीनं शटर ओढलं. बसम्मा गोलात भिंतीच्या बाजूला होती. तिच्या शेजारी, भिंतीला पाठ टेकून ती बसली आणि तिनं डोळे मिटले.

"मला हिरीचं पाणी दिसलं," मलप्पाचा आवाज आला. "हालतच न्हवतं."

"मन थिर झालं की असंच दिसतंय," धोंडप्पा म्हणाले.

"माझं मन तर चुलीवरच्या दुधातच ऱ्हायलं," नीलम्मा म्हणाली, आणि सगळे हसले.

बसम्मानं आपलं दोन वाक्यांत उरकलं. मंजुश्रीला हायसं वाटलं. तेवढ्यात लाईट गेली. पंखा कुरकुरत मंदावला आणि थांबला. पत्रा तापून टकटक वाजत होता. आता घंटी होईल म्हणून ती वाट पाहू लागली.

"माझं ऱ्हायलंय..."

बाईचा आवाज. बारीक, कोरडा.

"बोला की," धोंडप्पा म्हणाले.

"मला दार दिसतंय... बाहेरनं लावलेलं. तुमची घंटी वाजती. चपला वाजत्यात. तुम्ही जाता... मला उठवायला कुणीच येत न्हाई."

"ते दार मनाचं असतंय, बाई."

"मनाचं न्हाई..." आवाज जरा थांबला. "पत्र्याचं हाय."

आवाज मंजुश्रीच्या पाठीमागून येत होता. आणि तिची पाठ तर भिंतीला टेकलेली होती.

तिनं डोळे उघडले.

अंधुक उजेडात सगळे तसेच बसलेले होते. डोळे मिटलेले, ओठ बंद. भिंतीकडं तिच्याशिवाय कुणीही नव्हतं.

"एकीनं डोळे उघडले..." तिच्या कानाशीच आवाज आला.

गोलातल्या सगळ्यांच्या माना सावकाश तिच्याकडं वळल्या. डोळे मात्र एकाचेही उघडले नाहीत.

तिला उठायचं होतं. शटर तर समोरच होतं, खालच्या फटीतून उन्हाची रेघ आत आली होती. पण पाय जणू सतरंजीला शिवले होते. तिनं बसम्माचा दंड धरला.

"आत्या... चला ना..."

"थांब. तिचं व्हायचंय आजून." बसम्मानं तिचा हात आपल्या हातात घट्ट धरून ठेवला. सोडवता सोडवेना.

"म्हातारे," आवाज म्हणाला, "तुला न्यायला माणूस आलं. तुझी सून... मला बी नेईल का?"

"आत्या, नका..." मंजुश्री कुजबुजली.

बसम्मा मुळातच मायाळू बाई. दारातलं कुत्रंही तिनं कधी उपाशी परत पाठवलं नव्हतं. मिटल्या डोळ्यांनीच ती म्हणाली, "नेईल की गं माय. न न्यायला काय झालं?"

मग अगदी समाधानाचा एक उसासा मंजुश्रीच्या मानेवर आला.

"माझं झालं."

घंटी वाजली. सगळ्यांनी डोळे उघडले. गुडघे चोळत, जांभया देत माणसं उठली, कुणीतरी शटर वर केलं, ऊन भस्सकन आत आलं. मंजुश्रीचे पाय मोकळे झाले.

"मामा, ती भिंतीकडं कोण बसते?" तिनं धोंडप्पाला विचारलं.

"कुणाला ठावं! लई दिवसाची येती. डोळे उघडस्तोर गेलेली असती. बाहेरगावची आसंल, लाजाळू." घंटी पिशवीत टाकता टाकता ते थबकले. "दर सोमवारी तिचं बोलणं संपतच न्हाई. शेवटाला मलाच घंटी मारावी लागती. 'झालं' म्हणलेलं आज पहिल्यांदा ऐकलं."

मंजुश्री सासूला जवळजवळ ओढतच बाहेर घेऊन आली. स्कूटी चालू केली. बसम्मा मागं एका अंगाला बसली. गल्ली ओलांडून गाडी रस्त्याला लागली, बसस्टँडचा गलका कानावर पडला, आणि तिच्या जिवात कुठं जरा जीव आला.

तेवढ्यात तिच्या कमरेभोवती दोन हात आले आणि पोटावर एकमेकांत गुंतले.

"आत्या, एवढं आवळून धरू नका. चालवता येईना."

"मी कुठं धरलंय?" बसम्मा म्हणाली. "माझे दोन्ही हात पिशवीला हायेत."

मंजुश्रीनं खाली पाहिलं नाही. आरशातही पाहिलं नाही. समोरच्या रस्त्यावर नजर रोखून ती गाडी हाकत राहिली.

"जरा फुडं सरक, माय," बसम्मा मागून सहज म्हणाली. "तिघींना जागा पुरंना."

मंजुश्री पुढं सरकली. कमरेभोवतीचे हातही तिच्यासंगं सरकले.