हिवरटेकच्या बुकातलं अकरावं नाव

वऱ्हाडात मी आणि भूत एका वाटेनं समोरासमोर आलो, तर बाजूला होतं ते भूत, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. आमच्या घरात मात्र रात्री घागर कलंडली की पहिल्यांदा कंदील मागतो तो मीच. घरी विचारलं तर कळेल, म्हणून विचारू नका. तर वात थोडी मोठी करा आणि ऐका. ही गोष्ट रात्रीची नाही. भर दुपारची आहे, अकोल्याच्या वैशाखातली. रात्रीच्या भुताचं एक बरं असतं, कोंबडं आरवलं की सुटका. दुपारच्याला कोणतं कोंबडं दाखवणार?

मोतीराम नावाचा एक जण तेव्हा तिथल्या एका सरकारी कचेरीत नक्कल करायच्या कामावर होता. माळ्याचं पोरगं, बापाचा वांग्यांचा मळा, शिक्षण मराठी चौथी, तीही ढकलत ढकलत. पण वाचणं असं खणखणीत, की नोटीस वाचली तरी लोकांना पोवाडा वाटावा. अंगात एकच रोग, खोडी काढायचा. मोठे बाबू उत्तमराव, त्यांची वाघाच्या जंगलातल्या सेमाडोहला बदली झाल्याची आवई त्यानं अशी उठवली होती, की उत्तमरावांच्या बायकोनं गाद्या बांधल्या आणि शेजारणीनं वाघासाठी म्हणून एक काठी आणून दिली. तेव्हापासून मोतीरामनं "पाणी ओलं आहे" म्हटलं तरी उत्तमराव बोट बुडवून पाहत.

साठ साल होतं. नवं राज्य झालं, नवी छापील रजिस्टरं आली, कोऱ्या खळीच्या वासाची. हुकूम निघाला की पातूरकडच्या खेड्यांची जुनी कोतवाल बुकं नव्या रजिस्टरांत उतरवून घ्या. कोतवाल बुक म्हणजे गावात कोण जन्मलं आणि कोण मेलं, त्याची सरकारी वही. वाळवीनं अर्धी खाल्लेली ती बुकं शनिवारी तीन वाजता कचेरीमागं जाळायची होती. नव्यात जे उतरलं तेवढंच राहणार, बाकीचं राख.

काम दोघांचं. एकानं जुन्यातून मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं नव्यात लिहायचं. वाचायला मोतीराम, लिहायला शेषराव.

हा शेषराव हिवरटेकचा, पातूरच्या पलीकडचं टेकडीखालचं गाव. बाप बुधाजी त्या गावचा कोतवाल होता, तो वारला. आई चतुराबाई गावीच असे. छप्पन साली मायलेकांनी दीक्षा घेतली होती. शेषराव चौतिशीचा, एकटा, मुका म्हणावा इतका कमी बोलणारा. लग्नाचा विषय निघाला की चतुराबाईच तो मोडून टाकी. दर इतवारी तो गावी जेवायला जाई. दोन-तीनदा मोतीरामही सोबत जाऊन तिच्या हातची भाकर आणि अंबाडीची भाजी खाऊन आला होता. आणखी एक, कितीही ऊन असो, शेषरावाला घाम येत नसे. मोतीरामचा घाम टपटप गळून शाई पसरायची, शेषरावाचं पान कोरडं ठणठणीत. "हे माणूस नाही, मडकं आहे," असं मोतीराम सगळ्या कचेरीला सांगे. "याले वाळ्याच्या ताटीपाशी ठेवा, पानी वाचंल."

सहा वर्षं शेषराव हंगामी होता. त्या महिन्यात त्याला कायम करणार होते. अट एकच, जन्माच्या नोंदीची नक्कल जोडायची, आणि ती नोंद होती हिवरटेकच्या बुकात. म्हणजे ते बुक जळायच्या आधी त्याचं नाव नव्या रजिस्टरात नीट उतरणं हाच त्याचा सारा जन्म म्हणा ना.

गुरुवारी सकाळी हिवरटेकचं बुक उघडलं. सव्वीस सालच्या पानावर नाव सापडलं : शेषराव वल्द बुधाजी. मोतीरामनं ते तीनदा वाचलं आणि चहा मागवला. शेषराव हसला. तो हसलेला मोतीरामनं त्याआधी पाहिला नव्हता.

दुपारी मयतीची पानं आली. बाहेर झळा अशा, की कावळा चोच उघडी टाकून भिंतीच्या सावलीला बसलेला. खोलीत ओल्या वाळ्याचा वास, त्याखाली वाळवीच्या मातीचा, आणि त्याखाली आणखी एक वास होता, बंद पेटीतल्या जुन्या कपड्यांचा. बत्तीस सालची हैज्याची, म्हणजे पटकीची, साथ लागली. मोतीराम नाव, बाप, वय, कारण असं एका सुरात म्हणत होता, आणि शेषरावाचा टाक कुरकुर चालत होता. अशा कामात ऐकलेलं कानातून सरळ हातात उतरतं, मधे डोकं लागत नाही. दिवसाला चारशे नावं लिहिणाऱ्याला नाव कळत नसतं, अक्षरं कळतात.

हे मोतीरामला पक्कं ठाऊक होतं, आणि त्याचा रोग उसळला. त्या पानावर दहा मयत होते, खाली ठाण्याच्या मुनशीनं लिहिलेलं होतं, एकूण दहा. सात नावं झाल्यावर त्यानं सूर जराही न हलवता आठवं आपल्या पदरचं घातलं.

"शेषराव वल्द बुधाजी... वय सहा... हैजा."

टाक थांबला नाही. ओळ पुरी झाली. मोतीरामनं हसू दाबायला उपरणं तोंडात धरलं आणि पुढची तीन नावं वाचली. गंमत संध्याकाळची होती. मेळ घेताना शेषराव नव्यातून वाचणार, मोतीराम जुन्यात तांबड्या पेन्सिलीनं खुणा करणार. बेरीज दहा, ओळी अकरा! मग शेषराव एकेक ओळ शोधत जाणार आणि स्वतःच मेलेला सापडणार. तिथंच खोडायचं, बाबूंची बारीक सही घ्यायची आणि वर्षभर हसायचं.

चार वाजता मेळ सुरू झाला. शेषराव वाचत होता, मोतीराम खुणा करत होता. सात झाली.

"शेषराव वल्द बुधाजी," शेषरावानं वाचलं. "वय सहा. हैजा."

मोतीरामची पेन्सिल जुन्या पानावर टेकली होती. ती जिथं टेकली होती, तिथं ती ओळ होती.

मुनशीचं तेच तिरपं अक्षर. शाई विटून खैरी झालेली, बाकीच्यांसारखीच. 'वल्द'मधून वाळवीचं भोक आरपार गेलेलं. खाली एकूण अकरा.

त्यानं पान उजेडाला धरलं. बोट फिरवलं. मघाशी दहा वाचलं होतं, याची शपथ तो कुठंही घ्यायला तयार होता. पण मोतीरामची शपथ त्या कचेरीत खरी कोण मानणार? त्याला वाटलं, उत्तमरावांनी सूड उगवला. चहाच्या वेळी पान बदललं असेल... पण पान शिवलेलं होतं, शिवण जुनी होती, आणि चहाला तो जागचा उठलाच नव्हता.

त्यानं शेषरावाला सगळं सांगून टाकलं. हातही जोडले. शेषरावानं आधी आपली ओळ वाचली, मग जुन्यातली वाचली. रागावला नाही.

"मीच लिवलं ना हे?"

"लिवलं, पन मी गंमत करून राहिलो होतो..."

"मंग झालं," शेषराव म्हणाला. त्यानं दौतीला बूच लावलं, टाक पुसून ठेवला, पिशवी खांद्याला लावली आणि त्या उन्हात बाहेर पडला. हिवरटेकला जातो म्हणाला. गुरुवारी तो कधी जात नसे.

उत्तमरावांनी मोतीरामची कबुली चष्म्यावरून ऐकली, जुनं पान पाहिलं, शिक्का पाहिला आणि सेमाडोहच्या वाघाची आठवण काढली. जुन्यात आहे ते नव्यात आलं, यात खोडायचं काय, असं त्यांचं म्हणणं. मग तेही जरा गंभीर झाले. ते म्हणाले, की ही नक्कल जोडली तर शेषराव कायम होत नाही, कारण सरकार मेलेल्याला कायम करत नाही. पण एक पोर गेलं की पुढच्याला तेच नाव ठेवतात, असं घडतं. आईनं तसा अंगठा दिला, तर शनिवारी तीनच्या आत रजिस्टरात शेरा मारता येईल. बुक जळाल्यावर काही नाही.

शुक्रवारी शेषराव कामावर आला नाही. मोतीरामनं नवं रजिस्टर उघडलं. वैशाखात टाक उचलण्याआधी शाई वाळते. त्या एका ओळीवर बोट टेकलं, तर बोट निळं झालं. इतकी ओली होती ती, जणू कोणी आत्ताच लिहून उठलं होतं. त्यानं टीपकागद ठेवला, वर हात दाबला. कागद कोरडाच निघाला, आणि ओळ ओलीच राहिली.

आईचा अंगठा आणायला मोतीराम पातूरच्या मोटारीत बसला. उतरून हिवरटेकपर्यंत पायवाट, दोन कोस. टळटळीत बारा. वाटेवर चिटपाखरू नव्हतं, वावरं नांगरून उलटी टाकलेली, आणि काळ्या ढेकळांतून वाफ निघावी तशी हवा हलत होती. नाल्याच्या काठी बाभळीखाली त्याला थोडं थांबावंसं वाटलं. थांबला नाही. कशानं, ते त्याला स्वतःलाही सांगता आलं नाही... तिथं थंड होतं, एवढंच.

चतुराबाई दारातच होती. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिला ताजी फुलं. चुलीपाशी एक ताट वाढून झाकलेलं.

"राम राम मावशी."

"जय भीम, बाबू. एकटाच आला? शेषराव कुठी आहे?"

काल संध्याकाळीच निघाला म्हणून मोतीरामनं सांगितलं. मग त्यानं शाईची डबी काढली, कागद पुढं केला, आणि समजावलं की पहिलं पोरगं साथीत गेलं, दुसऱ्याला तेच नाव ठेवलं, एवढंच लिहिलं आहे, अंगठा दे, तुझं लेकरू कायम होतं.

"दुसरं नाही झालं," चतुराबाई म्हणाली. "मले एकच."

"मंग बुकात..."

"तो गेला साथीत. सहा वर्साचा होता."

मोतीराम हसला. त्याला दुसरं काही येतच नव्हतं. "अन् इतवारी जेवाले येते तो कोन, मावशी?"

"त्याले म्या कधी इचारलं नाही," ती म्हणाली. "तूबी नको इचारू."

मग ती चुलीकडे पाहत हळूहळू सांगत गेली, रोजचं काही सांगावं तशा आवाजात. साथीत गाव ओस पडलं होतं, जो तो आपापल्या वावरात खोपी घालून राहत होता. शेषराव दुपारी गेला. नवरा-बायकोंनीच त्याला नाल्याकाठी बाभळीखाली पुरला. तिसऱ्याला कळलं नाही. बुधाजीला लिहिता येत नव्हतं. गावात माणूस गेला की तो सुतळीला एक गाठ मारी, आणि बाजाराच्या दिवशी पातूरच्या ठाण्यात जाऊन गाठीगाठीनं नावं सांगे, तशी मुनशी लिही. त्या हप्त्यात अकरा गाठी होत्या. तो निघाला तेव्हा तिनं त्याचे पाय धरले. बाकीच्यांची नावं दे म्हणाली, माझ्याचं नको. आणि सुतळी ओढून घेऊन एक गाठ दातांनी सोडली. जन्मात सरकारशी खोटं न बोललेला तो माणूस ठाण्यात दहाच बोलून आला.

"पोराचा बाप पातूरहून आला नव्हता अजून. मी खोपीत एकटीच. दारात लहानशी सावली पडली..." तिनं चुलीतली राख सारली. "त्यानं भाकर मागतली. म्या देली."

झाकलेल्या ताटावर एक माशी बसली होती, ती हलत नव्हती.

बुधाजीनं ती सुतळी पुन्हा कधी वापरली नाही, असं सांगत ती उठली. आढ्याजवळच्या खुंटीवरून तिनं ती काढली. अठ्ठावीस वर्षांच्या धुरानं काळीकुट्ट झालेली होती. त्याला दाखवायला म्हणून ती बोटांनी गाठी मोजत गेली, ओठ हलत होते. शेवटाला बोटं थांबली. तिनं पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. मग सुतळी मोतीरामच्या हातात दिली.

दहा गाठी काळ्या होत्या. सातवीनंतर आणखी एक होती, आवळलेली, आणि तिथली सुतळी पांढरी होती.

मोतीरामनं त्या पांढऱ्या गाठीवर अंगठा फिरवला. "मावशी, मी गंमत केली," तो म्हणाला. "माह्या मनानंच नाव घातलं मी. बुकात नव्हतंच ते..."

चतुराबाईनं झाकलेलं ताट जवळ ओढलं.

"बुकात नव्हतं म्हनून तर तो होता, बाबू," ती म्हणाली. "तुले कोनं सांगतलं होतं लिवाले?"