गोधडीखालचा गणपुले

यंत्रमानवाच्या कानांतून काहीही सुटत नाही, असं मानवजातीने २०६१ साली छातीठोकपणे जाहीर केलं. सांगलीच्या वसुधाआत्याकडचा गणपुले हा असाच एक यंत्रमानव. आधी तो बँकेत टोकन वाटायचा. तिथून निवृत्त झाल्यावर आत्याने त्याला हाताखाली मदतीला आणलं. जुनी सवय मात्र सुटली नव्हती. दूधवाल्यालासुद्धा तो "कृपया रांगेत या" असं सांगे, आणि दूधवाला एकटाच रांगेत उभा राही.

आत्याच्या हॉलमध्ये रोज दुपारी बाहुल्यांचा वर्ग भरे. सोफा भिंतीला सरकवायचा, टेबलावर रद्दी पसरायची, की झाली कार्यशाळा. इथे येणारी सोळा ते बावीस वर्षांची मुलंमुली चेतावैविध्याची होती (म्हणजे त्यांच्या मेंदूची घडण चारचौघांपेक्षा वेगळी होती. वेगळी म्हणजे बिघडलेली नव्हे, हे आत्या प्रत्येक पाहुण्याला चहाच्या आधीच ऐकवायची).

आत्याची बारा वर्षांची भाची किमया हिचा सगळ्यांत लाडका होता निषाददादा. एकोणीस वर्षांचा. बोलायचा मोजकं, पण कागदाच्या लगद्यातून अशी मुंडकी घडवायचा की ती आता जांभई देतील असं वाटावं.

गणपुले आल्यापासून मात्र निषादने लगद्याला हात लावला नव्हता. तो येई, गणपुलेच्या अंगावर गोधडी टाकी आणि कानांवर हात दाबून टेबलाखाली बसे.

"बघ, किती माया लागलीय त्याला!" गोधडीची घडी घालत आत्या म्हणे.

"मला थंडी वाजत नाही. आभारी आहे," गणपुले म्हणे.

निषादच्या बाबांना त्यात माया दिसत नव्हती. "ताई, तुम्ही खूप करता. पण शनिवारच्या बाहुल्यांच्या खेळालाही तो टेबलाखालीच बसला, तर राहू दे. उगाच त्याचा छळ नको. घरीच बसेल."

घरी म्हणजे एक खोली आणि एक टीव्ही. हे किमयाला ठाऊक होतं. शिवाय खेळातल्या राजाला अजून तोंड नव्हतं. तोंडाशिवाय राज्य चालेल, असं आत्याचं मत होतं, पण नाटक चालणार नव्हतं.

शुक्रवारी किमयाने गणपुलेलाच गाठलं. "काका, दादाला नक्की होतंय काय?"

"तुम्हाला फ्रिजची घरघर ऐकू येते?"

"नाही... अरेच्चा, आत्ता आली!"

"ती मघापासून आहे. तुमच्या मेंदूत एक चाळणी असते (संवेदन-चाळणी, म्हणजे नको ते आवाज, वास, स्पर्श बाहेर ठेवायची सोय). म्हणून अंगातला फ्रॉक दिवसभर टोचत नाही. काहींच्या चाळणीची भोकं मोठी असतात. सगळंच आत येतं, आणि सगळं सारख्याच जोराने."

"मला तसं ऐकवा ना!"

"माझ्या कानांनाही चाळणी आहे. थांबा, काढतो." गणपुलेने स्वतःच्या कानांना जोडलेले हेडफोन तिच्या कानांवर चढवले.

किमया दचकलीच. फ्रिज गुरगुरत होता, आत्याच्या बांगड्या तलवारींसारख्या खणखणत होत्या, रद्दीचा कागद कडाडत होता. आणि या सगळ्यावर ताण करणारी एक बारीक, सुईसारखी शिट्टी.

"ही शिट्टी कसली?"

गणपुले डावीकडे वळला. शिट्टीही वळली. तो उजवीकडे वळला. शिट्टी पाठोपाठ.

"ती माझी आहे," तो म्हणाला. "मी स्वतःचा आवाज वजा करून ऐकतो. कारखान्यातूनच तशी सोय आहे."

"म्हणजे आमच्या आजोबांसारखं! घर हलेल इतकं घोरतात, आणि विचारलं की 'मी? छे!'"

"गोधडी घातली की मी तापतो. तापलो की आतला पंखा जोरात फिरतो. म्हणजे शिट्टी वाढते."

घडी घालता घालता आत्या थांबली. "मुलं बोलत नसतील तर त्यांचे हात काय सांगतात ते बघा, असं मी पालकांना शिकवते. आणि स्वतः घड्या घालत बसले." ती टेबलाशी वाकली. "निषाद, अरे, तू हेच सांगत होतास ना?"

"रोज," टेबलाखालून उत्तर आलं.

गणपुलेच्या पाठीचं झाकण उघडलं. पंख्याच्या जाळीत टोकनचा एक कागद अडकून फडफडत होता. आत्याने चिमट्याने तो ओढला. निषादने कानांवरचे हात काढले, जरा वाट पाहिली, आणि बाहेर येऊन लगद्याचं पातेलं पुढे ओढलं. संध्याकाळपर्यंत राजाला तोंड आलं. चांगलंच मोठं.

शनिवारी राजा भरपूर बोलला. प्रेक्षकांनी टाळ्यांऐवजी हात हवेत हलवले, ही या वर्गाची रीतच होती. निषादच्या बाबांचे हात सगळ्यांत शेवटी खाली आले.

"सोमवारी किती वाजता आणू?" त्यांनी विचारलं.

"कृपया रांगेत या," गणपुले म्हणाला.

उद्याच्या शाळा आणि दवाखाने बांधताना कुणाचे कान दुखतील हे आधी विचारायचं, असं किमयाने ठरवून टाकलं. ते बांधायला ती मोठी होईपर्यंत थोडा वेळ होता.

टोकन परत करायला आत्या बँकेत गेली. तिथे तिला कळलं, की टोकनची पद्धत गेल्या वर्षीच बंद झाली आहे.